अण्णांचा घोट

मे महिन्यात आमच्या गावची ब्रुअरी हेलर बॉक काढते. दिसायला फिकट, गव्हाच्या काडीच्या रंगाची, पण सात टक्क्यांची कडक बिअर. पिंप फोडण्याच्या आदल्या दिवशी मालक लिंडनर दोन-चार जणांना चव घ्यायला बोलावतात. गाव जर्मनीतलं, न्युरेम्बर्गपासून तासाभरावर, आणि मला इथे राहून सहा वर्षं झाली होती. यंदा पहिल्यांदाच बोलावणं आलं. वडील आलेत म्हटल्यावर त्यांनाही घेऊन ये म्हणाले.

अण्णांना न्यायचं माझ्या जिवावर आलं होतं. ते आयुष्यात प्यायले नाहीत, पण नोकरी केली ती साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, एकतीस वर्षं. आमच्या घरात हे कुणी उच्चारत नसे. आई सगळ्यांना 'कारखान्यात केमिस्ट' एवढंच सांगायची आणि मीही तेच सांगत आलो. लिंडनरनाही तेच सांगितलं होतं.

बाकीचे यायचे होते. तळघरातल्या टेबलावर पाव, लोणी, मुळा मांडून ठेवलेला. लिंडनरना आठवडाभर सर्दी होती, नाक लाल झालेलं. ग्लास भरून आमच्यापुढे ठेवत ते म्हणाले, मला कसलाच वास येत नाहीये, तुम्ही खरं काय ते सांगा, उद्या अख्खं गाव येणार आहे.

मी प्यायलो. मला बॉक छानच लागली. खरं तर मला बिअरमधलं ओ की ठो कळत नाही. अण्णांनी ग्लास नाकाशी धरला, खाली ठेवला, पुन्हा धरला. मग माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि कोपऱ्यातल्या मोरीत थुंकले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णा मात्र शांतपणे सांगत होते. "लोण्याचा वास मारतोय. हे अजून तयार नाही. टाकीत यीस्ट असेल तर थोडं उबेला ठेवा, आठेक दिवसांत वास जाईल. उद्या काढू नका म्हणावं."

लिंडनरनी माझ्याकडे पाहिलं. सहा वर्षांनी मिळालेली ती खुर्ची मला सोडवेना.

"फार आवडली म्हणतात," मी जर्मनमध्ये सांगितलं. "पण पीत नाहीत ना, म्हणून थुंकले."

अण्णांना जर्मन कळत नाही, पण माणसं कळतात. ते उठले, लोण्याची बशी उचलून ग्लासशेजारी ठेवली. आधी बशी हुंगली, मग ग्लास, आणि लिंडनरकडे बघून नकारार्थी मान हलवली. लिंडनरनी दोन्ही हुंगून पाहिलं, काही कळेना, तेव्हा वर हाक मारून बायकोला बोलावलं. तिने एकदाच वास घेतला आणि ती चक्क खुर्चीत बसली. आपल्या लक्षात कसं आलं नाही, एवढंच पुटपुटली.

लिंडनरनी ग्लास बाजूला सारला. मग त्यांनी मला विचारलं, हे यांना कुठून कळतं. आता लपवण्यासारखं काय उरलं होतं? मी सांगून टाकलं, वडिलांनी एकतीस वर्षं दारूच्या कारखान्यात काम केलंय. आंबवण्याच्या टाक्या त्यांच्याकडे होत्या. लिंडनरनी हात एप्रनला पुसला आणि अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला. पिंप फोडणं दहा दिवस पुढे गेलं. त्यांनी लगेच वर जाऊन फळ्यावर तसं लिहिलं. माझ्याकडे त्यांनी नंतर पाहिलंच नाही.

घरी येताना अण्णा रस्त्यात थांबले.

"मी एवढं बोललो आणि तू दोन शब्दांत उरकलंस. काय सांगितलंस त्याला?"

"चांगली आहे म्हणून," मी म्हणालो.

"तुझं मत?"

"नाही. तुम्ही चांगली म्हणता, असं सांगितलं."

ते पुढे चालू लागले. मला वाटलं, विषय संपला. घराच्या पायऱ्यांशी येऊन ते म्हणाले, "दारूच्या कारखान्यात होतो मी, श्रीरंग. पण एकतीस वर्षांत एकदाही खराब माल चांगला म्हणून सही केली नाही. आज तू केलीस. आणि केलीस तीही माझी."