करंजाचा आजार

फाल्गुनात करंज पानं टाकतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा हिरवा होतो. अंबरनाथ पश्चिमेतल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी विष्णुपंत यांनाही हे माहीत होतं. म्हणूनच त्यांना घाई होती. झाड गेलं की गाड्यांना जागा होणार होती. त्याच्या सावलीत भाजी विकणाऱ्या चामटोलीच्या बनूबाईचा विषय समितीत कोणी काढला नाही.

“शलाकाताई, तुम्ही कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवता. एक भारी इंग्रजी शब्द द्या,” विष्णुपंत म्हणाले. “‘वाळलंय’ म्हटलं तर पालिकेचे साहेब मान वर करून पालवी शोधतील.”

मी ‘ड्वाइन’ दिला. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतला. अर्थ, हळूहळू सुकत, खंगत जाणं. डच भाषेत त्याच मुळापासून ‘नाहीसं होणं’ या अर्थाचा शब्द आला, हे ऐकून तर ते फारच खूश झाले. आता हा शब्द इंग्रजांच्याही सहसा तोंडी नसतो. तेव्हा साहेब अर्थ विचारतील आणि मी त्यांना पानगळ समजावून सांगेन, असा माझा अंदाज होता.

झाड बघायला साहेब आले.

“याला ड्वाइन झालाय,” विष्णुपंत गंभीरपणे म्हणाले.

साहेबांनी अर्थ विचारला नाही. ते दोन पावलं मागे सरकले. “अरे बापरे! कधीपासून?”

“महिना झाला असेल.”

“मग हात लावू नका. कापलं तर भुसा उडेल, सगळ्या एरियात पसरेल. दोरी बांधा. बरं होईपर्यंत तोडायचं नाय.”

तोडायची बंदी आयतीच मिळाली, म्हणून पानगळीचं मी राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं दोरीबाहेरूनच परत गेली. “आजारी झाडाखालचा पाला कोन खानार?” म्हणत बनूबाई टोपली घेऊन समोरच्या उन्हात जाऊन बसली.

मी तिच्याजवळ गेले. “झाडाला काही झालेलं नाही, बनूबाई.”

“मंग सांगा ना सगल्यांना!”

सांगितलं असतं तर लागणीची भीती गेली असती आणि कुऱ्हाड आली असती. मी तिच्याकडून मेथीची जुडी घेतली, दोरी ओलांडली आणि करंजाखाली बसून निवडायला लागले. खिडक्यांत माणसं जमली. विष्णुपंत धावत आले, पण दोरीपाशी थांबले.

“ताई, लागण होईल!”

“बसणाऱ्याला होत नाही,” मी म्हटलं. “फक्त कापणाऱ्याला होते.”

विष्णुपंतांनी हात पाठीमागे घेतले.

बनूबाईनं टोपली उचलली, दोरीखालून वाकून आत आली. “सरका जरा,” ती म्हणाली. “माजी जागा हाय ती.”