गाडी हळू चालवली की बोलते

सडक अर्जुनीला हायवेवर, धानाच्या ट्रकांची रांग संपते तिथं, गतिमान मोटर्सचं काचेचं शोरूम आहे. दिवाळी सरून गावोगावी मंडईची जत्रा भरू लागली की तिथं ‘मोफत तपासणी व धुलाई शिबिर’ लागतं. त्या सकाळी शिबिराला एवढी गर्दी होती की एक माणूस गाडीविनाच रांगेत उभा होता. विचारलं, तर म्हणाला, पुढच्या साली घेऊन राहिलो.

गर्दी धुलाईसाठी नव्हती. गर्दी देवेंद्र सरांसाठी होती. पांढरा शर्ट, छातीशी धरलेला टॅबलेट आणि चेहऱ्यावर दुसऱ्याच्या संकटाचं मनापासून दुःख. गाडी धुऊन पडद्यामागून बाहेर आली की सर मालकाला शेजारी बसवत, काचा खाली करत आणि मुंगीलाही कंटाळा येईल अशा चालीनं अंगणात एक चक्कर मारत.

“मैं कुछ नहीं बोलता साहब,” ते डोळे मिटून म्हणत, “गाडी बोलती है. ऐका.”

आणि गाडी बोलायची. खड. खड. खड.

रांगेतून ‘आऽ’ असा आवाज उठायचा. एका म्हाताऱ्यानं तर हात जोडले. मग लोक बघताहेत हे पाहून त्याच हातांनी कॉलर नीट केली.

देवरीला झेरॉक्सचं दुकान चालवणारा लीलाधर हे सारं पाहत होता. लीलाधर शिकलेला माणूस. गावात कुणी आजारी पडलं आणि घरचे सुपातले तांदूळ पाहून दुखणं सांगणाऱ्याकडे निघाले, की तो दुकानातून हसायचा. तांदूळ कधी बोलतात का, म्हणायचा. पण टॅबलेटची गोष्ट वेगळी. टॅबलेटला चार्जिंग लागतं.

त्याच्यासोबत त्याची माय सुशिलाबाई आणि बायको चेतना होती. मायला संध्याकाळी गोंदियाच्या डोळ्याच्या दवाखान्यात भरती करायचं होतं; दुसऱ्या दिवशी तिच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघायचा होता. उजवा उन्हाळ्यातच निघाला होता, आणि तेव्हापासून सुशिलाबाई घरात नवनवे शोध लावत होत्या. सून कांदा जाड चिरते, शेजारीण केस काळे करते, आणि आपल्या पोराला टक्कल पडलंय, हे त्यांना एकाच आठवड्यात कळलं. डाव्या डोळ्याची घरात सगळ्यांनीच धास्ती घेतली होती, तरी पैसे मात्र साऱ्यांनी मिळून जमवले होते. वाटेतच आहे तर गाडी फुकटात धुऊन घेऊ, असं लीलाधरला वाटलं. धानाच्या बांध्यांमधल्या कच्च्या वाटांनी जाऊन जाऊन चिखलानं गाडीचा रंगच बदलला होता.

त्याची गाडीही धुऊन आली. त्याची गाडीही बोलली.

देवेंद्र सरांनी टॅबलेट फिरवून दाखवला. त्यावर गाडीचं चित्र होतं आणि ते गोवर आल्यासारखं लालच लाल दिसत होतं. समोरचे शॉकअप गेले, खालचे आर्म गेले, स्टिअरिंगचं रॅक जाण्याच्या वाटेवर आहे, असं सर म्हणाले. लीलाधरनं एकूण आकडा पाहिला आणि मनात हिशेब लावला. तेवढ्यात मायचा एक डोळा होत होता. लेन्ससकट. वरून ऑपरेशननंतर टाकायचे थेंबही.

“आज नको करू म्हणाल तर नको,” सर म्हणाले. “मेरा क्या है. पण मागे आई बसली आहे. हायवेवर चाक निघालं, तर मला रात्री झोप नाही येणार.”

सरांच्या झोपेचा प्रश्न आल्यावर लीलाधर विरघळला. तेवढ्यात गोंदियाचे तांदळाचे व्यापारी मुन्नालालजी शेजारून बोलले. ते आज तिसऱ्यांदा आले होते, भक्तिभावानं. आपल्या गाडीचा असाच आवाज होता, म्हणाले. “बिल भरा, और दस मिनिट में आवाज बंद. एकदम बंद भैया. हाथ में जादू है इनके.”

लीलाधर मायजवळ गेला आणि चपलेकडे पाहत म्हणाला, “माय, डोळ्याचं मंडईनंतर पाहू.”

सुशिलाबाई म्हणाल्या, “राहू दे ना बाप्पा. एका डोळ्यानं मले लय दिसून राहिलं.”

हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की लीलाधरची नजर चपलेवरून वर आलीच नाही. तरीही तो दुरुस्तीच्या कागदावर सही करायला वळला.

“अजी, थांबा,” चेतना म्हणाली. चेतना देवरीच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवते आणि सहसा चारचौघांत बोलत नाही, कारण दिवसभर चाळीस पोरांसमोर बोलून झालेलं असतं. “देवरीहून येताना हा आवाज नव्हता.”

“माझं लक्ष नसल.”

“तुमचं नसल. मायचं होतं. त्या रस्ताभर तुमचं टक्कल पाहत होत्या. गाडी वाजली असती तर बोलल्या असत्या.”

सुशिलाबाईंनी मान डोलावली. चेतनानं चावी मागितली. देवेंद्र सर घाईनं पुढे झाले: मॅडम, अशी गाडी जोरात चालवू नका, जोखीम आहे, म्हणून तर आम्ही हळू चालवतो. चेतना म्हणाली, जोरात नाही, सायकलपेक्षा थोडं जास्त. आणि हायवेला लागून असलेल्या रिकाम्या रस्त्यावर तिनं गाडी काढली. लीलाधर शेजारी बसला आणि आठवतील तेवढ्या देवांची नावं घेऊ लागला.

खड. खड. खड. चेतनानं वेग थोडा वाढवला. आवाज थांबला.

हळू केली. खड. खड. पुन्हा वाढवली. शांतता.

“भिऊन चूप झाली असल,” लीलाधर म्हणाला.

मग तिनं गाडी मुद्दाम खड्ड्यातून नेली. गाडी हादरली, लीलाधर हादरला, पण खडखड वाढली नाही.

“शॉकअप गेला असता तर खड्ड्यात बोंबलला असता,” चेतना म्हणाली. “हा तर चाकासंगं फिरून राहिला. एक फेरा, एक खड.”

लीलाधरच्या लक्षात तेव्हा आणखी एक गोष्ट आली आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. दुरुस्ती न करता अंगणातून बाहेर पडणारे लोक जपून, मुंगीच्या चालीनं जात होते. जपून चालवली म्हणून गाडी वाजत होती, आणि वाजत होती म्हणून ते आणखी जपून चालवत होते.

परत आल्यावर चेतनानं डब्यातली पोळी-भाजी सासूच्या हातात दिली, रिकाम्या स्टीलच्या डब्यात एक खडा टाकला आणि झाकण लावून हळूहळू गोल फिरवला. खड, खड. मग डबा ओढणीत बांधून गरगरा फिरवला. ओढणीचा सूं आवाज आला, खड्याचा नाही.

“जोरात फिरवलं की खडा भिंतीले चिकटून बसते,” ती म्हणाली. “हळू फिरवलं की वर जाते आणि पडते. आता चाक पाहू.”

चाकावरचं प्लास्टिकचं गोल झाकण तिनं ओढून काढलं. आतून एक जाडजूड नवाकोरा नट घरंगळत आला आणि देवेंद्र सरांच्या बुटाशी जाऊन थांबला.

सर म्हणाले, धुताना चुकून गेला असेल. बकाराम नावाच्या शेतकऱ्यानं आपल्या गाडीचं झाकण काढलं. नट. त्याच्या मागच्यानं काढलं. नट. एकाच मापाचे, एकाच डब्यातले. चूक मोठी शिस्तीची होती. पडद्यामागे धुताना एक नट आत जाई, बिल भरलं की पडद्यामागेच तो बाहेर येई, आणि मुन्नालालजींसारखा माणूस त्याला जादू म्हणे.

“तुमचे जुने शॉकअप काढून दाखवले होते का?” चेतनानं त्यांना विचारलं.

“बहनजी, फोटो दिखाया था,” मुन्नालालजी म्हणाले आणि बिल शोधायला खिसे चाचपू लागले. देवेंद्र सरांनी टॅबलेट छातीशी घट्ट धरला होता. आता ते खरोखरच काही बोलत नव्हते.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण बकारामनं एक खुर्ची आणून चेतनासमोर ठेवली. कुणीतरी मंडईसाठी घेतलेला नारळ तिच्यापुढे धरला. “मॅडम,” बकाराम नम्रपणे म्हणाला, “माझा ट्रॅक्टर सकाळी चालू नाई होत. तुमी नुसता हात लावून पाहिला असता तर.” त्याच्यामागे रांग लागली. तिच्यात तो गाडी नसलेला माणूसही होता.

चेतना खुर्चीवर बसली नाही.

“काऊन लावू हात?” ती म्हणाली. “मी म्हटलं म्हणून मानाल, तर उद्या मी चुकले तरी मानाल. कोनी म्हटलं पार्ट गेला, तर म्हणा काढून दाखवा. नवा बसवला, तर जुना हातात घ्या. शंका आली, तर दुसऱ्याले दाखवा. झाकण तुमालेही काढता येते. आणि तो नारळ फोडून खा, उपाशी असाल.”

नारळ फोडला गेला. चांगला निघाला, यात कुणाचाही चमत्कार नव्हता.

संध्याकाळी गोंदियाच्या दवाखान्यात लीलाधरनं डॉक्टरांना विचारलं, हीच लेन्स काऊन, स्वस्तातली बसवली तर काय होते, दाखवा. डॉक्टर चिडले नाहीत. खुर्ची ओढून बसले, कागदावर डोळा काढला, दोन्ही लेन्स समोर ठेवल्या आणि फरक सांगितला. ज्याचं काम खरं असतं तो प्रश्नाला भीत नाही. जो भितो, त्याच्या चाकाचं झाकण काढून पाहावं, मग तो टॅबलेटवाला असो की सूपवाला.

सुशिलाबाई मात्र पलंगावर पडेनात. त्यांनी डॉक्टरांना जवळ बोलावून विचारलं, “बाबू, तुयं कधी ऑपरेशन बिघडलं का?”

दोन बिघडली होती, असं डॉक्टर म्हणाले, आणि ती का बिघडली तेही सांगितलं.

“मंग ठीक आहे,” सुशिलाबाई म्हणाल्या, आणि पडल्या.