न लागलेला ठसका

“आता गिळा,” ती म्हणाली, आणि मिस्त्रीने मनातल्या मनात तिला एक कचकचीत शिवी हासडली.

पिकल्या केसांच्या माणसाला चमचाभर पाणी द्यायचं आणि वर गिळा म्हणून सांगायचं, म्हणजे कमालच झाली. मेंदूला झटका आला होता, कबूल. पण हात चालत होते, पाय चालत होते, जिभेचा पट्टा तर पहिल्यापेक्षा जोरात चालत होता. फक्त घसा दगा देतोय, असं डॉक्टर म्हणाले आणि तेवढ्यावरून नाकात नळी खुपसून खाटेवर पाटी टांगली : तोंडाने काहीही देऊ नये. गिळण्याची तपासणी करणारी ही कालची पोरगी हो म्हणाली, तरच नळी निघणार होती. नाहीतर नळीसकट घरी.

पण मिस्त्री काय कच्च्या गुरूचा चेला नव्हता. सारा जन्म त्याने खुर्च्या आणि सोफे मढवले होते. बारीक खिळे मूठभर गालात धरायचे, जिभेने एकेक ओठांवर आणायचा, ठोकायचा आणि मध्येच गिऱ्हाइकाशी भांडायचंसुद्धा. आजवर एक खिळा पोटात गेला नव्हता. त्याने पाणी गालात सारलं आणि तिच्या बोटांखाली कंठ नुसता हलवून दाखवला.

“आ म्हणा.”

“आ.” आवाज खणखणीत.

तिने बॅटरी काढली. “तोंड उघडा. गालात काय ठेवलंय, आजोबा?”

“आजोबा कोणाला म्हणतेस?” म्हणताना पाणी हनुवटीवर ओघळलं. खाटेच्या पायाशी उभ्या असलेल्या त्याच्या मुलाने कपाळाला हात लावला. बायको पिशवी मांडीवर घेऊन खाली बघत बसली होती.

तिने पुन्हा चमचाभर पाणी दिलं. “आता खरं गिळा.”

मिस्त्रीने हट्टाने गिळलं. काही झालं नाही. “बघितलंस? ठसका लागला का?” तो म्हणाला, पण आवाज गुळणी धरल्यासारखा घोगरा, ओला निघाला.

“ठसका लागला असता तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. “पाणी श्वासनळीत गेलंय आणि तुमच्या घशाला पत्ताच नाही. तुमचा ताप हटत नाहीये, तो यामुळेच असणार. कोणी तोंडाने काही देतंय का?”

मिस्त्रीचं डोकं भडकलं. स्वतःचाच घसा, आणि त्याच्याशी अशी बेइमानी करतो. त्याने बायकोकडे पाहिलं. रोज सकाळी पडदा ओढून ती त्याला चमच्याने चहा पाजायची. ठसका नाही ना लागला, मग काय होतंय, असं दोघंही म्हणायची.

मुलाने पिशवीत हात घालून थर्मास बाहेर काढला. “आई, जीव घ्यायचाय का त्यांचा? पाटी वाचता येत नाही तुला?”

“तिच्यावर ओरडू नकोस,” मिस्त्री गरजला. “मी ओतून घेत होतो. हात आहेत मला.”

बायकोने मान वर केली. उभ्या संसारात या माणसाने स्वतःचा दोष कधी स्वतःच्या अंगावर घेतला नव्हता. वाकडी शिवण त्याची असली तरी बोलणी तिने खाल्ली होती.

“खोटं सांगताहेत,” ती म्हणाली. “मीच पाजला.”

“तू गप्प बस.”

मग तपासणाऱ्या पोरीने सांगितलं, की नळी अजून राहील, घशाचे व्यायाम उद्यापासून सुरू करू, आणि तोंड कोरडं पडलं तर ओल्या कापसाने पुसायचं, पण पाणी आत जाऊ द्यायचं नाही. ती गेली. मुलगा डॉक्टरांना गाठायला तिच्यामागून गेला.

बायकोने वाटीत कापूस भिजवला, पिळला आणि त्याच्या ओठांजवळ आणला. मिस्त्रीचा राग अजून तसाच धुमसत होता, आणि तो काढायला आता तिच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

“पिळ,” तो म्हणाला.

तिने पिळला.

“अजून पिळ. थेंब राहायला नको.”

तिने दोन्ही हातांनी घट्ट पिळला. मग त्याने तोंड उघडलं.