अंतर आधी सांगायचं

नळी वाकलेली होती. मधोमध, जिथे तिने वाकायचं काही कारण नव्हतं तिथे, ती किंचित खाली झुकली होती — उन्हात राहिलेल्या मेणबत्तीसारखी. नोलाने ते चिमुकलं यंत्र खिडकीकडे धरलं, पुन्हा पाहिलं, मग डोळे मिटून बोटाच्या टोकाने नळी चाचपली. सरळ होती. नळीची ही पितळेची तार तिच्या नवऱ्याने, लिंडसेने, याच टेबलाशी बसून कापली होती, आणि त्याने बसवलेली कुठलीही वस्तू त्याच्या मरणानंतरसुद्धा वाकली नव्हती… म्हणजे बिघडला होता तो तिचाच… पण पुढचा शब्द तिने मनातही येऊ दिला नाही. फ्रिजवर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेला चौकटींचा कागद होता. रोज सकाळी एक डोळा झाकून त्याच्यासमोर उभं राहायचं आणि रेघा सरळ दिसतात का ते पाहायचं. त्याच्यावर तिने मागच्या आठवड्यात कचरागाडीचं वेळापत्रक लावून टाकलं होतं.

टेबलावर तीन चतुर होते. चतुर हे टेबलावर छोट्या प्रतिकृती मांडून खेळायच्या युद्धखेळातलं सगळ्यात वेगवान लढाऊ यंत्र, नाव त्या उडणाऱ्या किड्यावरून. जमिनीला न टेकता तरंगत जाणारं, अंगावर नावापुरतं चिलखत. एका डावात अर्धं टेबल ओलांडावं आणि कुणाच्या नेमात सापडू नये एवढीच त्याची शक्ती. तिघांचं धड एकच, माथा वेगळा. पहिल्यावर जुळ्या बंदुका — पळता पळता समोर दिसेल त्याच्यावर झाडायच्या. हल्ली सगळे हाच घेतात. दुसऱ्यावर उखळी तोफ. ती टेकाडापलीकडे, भिंतीपलीकडे गोळा टाकते, पण त्यासाठी चतुराला थांबावं लागतं, आणि थांबलेला चतुर पुढच्या डावात संपला असंच धरायचं. शिवाय या तोफेला मोजायची परवानगी नाही. अंतर आधी मोठ्याने सांगायचं, टेप मागाहून उघडायची. दोन इंच चुकलं की गोळा मातीत. तिसऱ्या चतुरावर काहीच नाही. तो पोटात सहा शिपाई घेऊन जातो.

हिशेब केला तर दुसरा निवडणं म्हणजे खुळेपणा. गोळा टाकायला थांबावं लागणारं वेगवान यंत्र कशाला हवंय? पण नोलाने आयुष्यभर तोच निवडला, कारण ती चुकत नसे. टेबलाच्या कडेला हात मागे बांधून उभी राहायची, एकदा पाहायची, आणि म्हणायची, “एकोणीस.” टेप उघडली की एकोणीसच. पोर्ट पिरीपासून अ‍ॅडलेडपर्यंतचे खेळगडी तिला नावाने ओळखत नव्हते, डोळ्याने ओळखत होते.

आणि आता मी पहिला घेतला तर…

पुढच्या शनिवारी पोर्ट पिरीला वर्षाचा मोठा सामना होता. कोण कुठलं यंत्र उतरवणार ते आज तिच्या जुन्या खेळगड्याला, क्लेमला सांगायचं, तो नावं कळवतो. नोलाने जुळ्या बंदुका निवडल्या तर कुणीतरी विचारणारच, का गं, आता का? मग ते फिरत फिरत रॉबिनच्या कानावर जाईल, आणि रॉबिनने — एकुलती एक मुलगी, गुणी, घाईची — अ‍ॅडलेडमध्ये आपल्या घराच्या मागे आईसाठी एक खोली रंगवूनही ठेवली आहे, फिकट हिरव्या रंगाने. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पुढच्या तपासणीपर्यंत गाडी काढू नका. नोला हो म्हणाली होती आणि खाली येऊन गाडीत बसली होती. तिच्या गावात, मूनटात, बस नाही. गाडी गेली की बाजारहाट गेला, शनिवार गेला, घर गेलं. मग हिरवी खोली.

तिने तिन्ही चतुर डब्यात ठेवले. तिसऱ्याला कापसात गुंडाळताना अंगठा त्याच्या पोकळ पोटावरून फिरला. तो कधीच टेबलावर उतरला नव्हता. लिंडसेने त्याला सगळ्यात निगुतीने रंगवलं, आत बसायला बाकंसुद्धा केली, आणि उतरवायची वेळ आली की म्हणायचा, राहू दे. तरुणपणी व्हिएतनाममध्ये तो अशीच माणसं नेणारी गाडी चालवायचा. त्याबद्दल तो बोलला एकदाच, आणि तेही चतुरांची तुलना करताना, हातात ब्रश असताना. माणसं आत बसायची नाहीत म्हणाला, टपावर बसायची, सुरुंग खालून फुटतो ना. त्या दिवशी पाऊस होता म्हणून सगळी आत आली. मग बराच वेळ तो बाकांच्या कडा रंगवत राहिला, आणि म्हणाला, “पाऊस पडला तर काय करायचं, हे या नियमांत नाही.”

क्लेम ट्रेझीस आपल्या फाटकाशीच उभा होता, खिशात पेस्टीची, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंजीची पुडी. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याचा डावा हात खांद्याला नुसता लटकतो. गाडी चालवणं सुटलं, म्हणून दर शनिवारी नोला त्याला नेते-आणते. तो बसला, उजव्या हाताने डावा उचलून मांडीवर ठेवला — एखादं मांजर ठेवावं तसा — आणि म्हणाला, की बाईसाहेबांना आज उशीर झाला, लग्नाला निघाल्यासारख्या नटत होत्या की काय. ती म्हणाली, तुझ्यासाठी नटायचं तर आरसा आधी विकावा लागेल. नेहमीचंच. रस्ताही नेहमीचाच, सरळ. फक्त त्याच्या मधोमध एक राखाडी डाग होता. ती जिथे पाही तिथे तो जाई, आणि जे पाहायचं तेच नेमकं गिळून टाकी… थोडं बाजूला पाहिलं की रस्ता परत मिळे. हे तिला आता जमत होतं. पाहायचं असेल त्याच्याकडे पाहायचं नाही.

माजी सैनिकांच्या क्लबच्या मागच्या खोलीत टेबल मांडून ठेवलेलं होतं, टेकाडं, पडक्या भिंती, बुरशी आलेली झाडं. तिने पहिला चतुर बाहेर काढला. सहज. तपासून पाहावा म्हणून.

“अगं बाई,” क्लेम म्हणाला. “म्हातारपणी बंदुका?”

“बघतेय नुसतं.”

“बघ, बघ. नवरा जिवंत असता तर सोडचिठ्ठी दिली असती.”

ती हसली, आणि हसता हसता पहिला परत डब्यात गेला, दुसरा बाहेर आला. एवढंच. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

क्लेमच्या तोफा भिंतीमागे होत्या. तिने चतुर थांबवला, हात मागे बांधले आणि पाहिलं. भिंत होती, मग भिंतीत खळगा पडला, राखाडी, कडा थरथरणाऱ्या, तिने नजर डावीकडे सरकवली, भिंत आली, पण ती किती लांब… लांबी म्हणून जे काही असतं, जे तिला आयुष्यभर न मागता मिळत होतं, चवीसारखं, ते त्या जागी नव्हतंच.

“बावीस.”

क्लेमने एका हाताने टेप ओढली. सोळा. त्याने टेप पुन्हा लावून पाहिली, जणू चूक टेपची असावी. म्हणाला, उजेड भिकार आहे आज, चल, हा धरायचा नाही, पुन्हा घे.

पुन्हा. तिने बाह्या सावरल्या. चतुर नीट करायच्या निमित्ताने ती वाकली, आणि तिचा उजवा हात टेबलावर पडला — कोपर चतुराशी, बोटं भिंतीकडे. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत सतरा इंच. हे या खेळातल्या प्रत्येकाला स्वतःपुरतं ठाऊक असतं, आणि कुणी वापरत नाही. याला हात टाकणं म्हणतात. चोरी केलेली परवडली. याच खोलीत एका पाहुण्याला ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, हात उचल. दोनच शब्द. तो पेटी आवरून गेला तो पुन्हा कुठल्या सामन्यात दिसला नाही, आणि लिंडसे घरी येईपर्यंत तिच्याशी बोलला नाही. मग म्हणाला, त्याला दिसत नसेल गं.

त्याला दिसत नसेल गं. हे मी कुठे ठेवलं होतं इतकी वर्षं…

“सोळा,” ती म्हणाली.

टेप सोळावर थांबली. ती क्लेमकडे पाहत नव्हती, ती खिडकीकडे पाहत होती, आणि म्हणूनच क्लेम तिला स्वच्छ दिसला, नजरेच्या काठावर. तो टेपकडे पाहत नव्हता. तिच्या हाताकडे पाहत होता, अजून टेबलावरच असलेल्या. आता म्हणेल. तिने वाट पाहिली. म्हणावं असंच वाटलं तिला, आत कुठेतरी खोल, दुखरा दात एकदाचा कुणी उपटावा तसं.

क्लेमने आपल्या तोफा उचलून बाजूला ठेवल्या. त्याने पेस्टी उलगडली, अर्धी तिच्यापुढे सरकवली.

“मग दुसराच कळवू ना?”

“कळव,” ती म्हणाली.

  परतताना गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं, आणि मग क्लेम काचेतून समोर पाहत, अगदी सहज, हवेबद्दल बोलावं तसं म्हणाला, “पुढे पांढरी गाडी. तीस इंच.”

तिची बोटं चाकावर घट्ट झाली.

“वीस,” क्लेम म्हणाला. “दिवा लावला तिने. वळतेय. हां, गेली.”

  तर हे असं. तो सांगणार आणि मी चालवणार. त्याला हात नाही, मला डोळा नाही, दोघांचं मिळून एक माणूस. आणि हे तो नुसतं माझ्यासाठी करत नाही — हे तिला एकदम, फार थंडपणे कळलं. गाडी गेली तर त्याचाही शनिवार जातो. फाटकाशी उभं राहून तो कुणाची वाट पाहणार?

हमरस्त्याचा चौक आला. धान्याचे मोठे ट्रक इथून न थांबता सुटतात. तिने गाडी उभी केली.

“उजवीकडून एक. चाळीस… थांब. थांब.” ट्रक गेला, गाडी हलली. “चल आता. मोकळं आहे.”

ती गेली. स्वतः न पाहता, त्याच्या शब्दावर, पहिल्यांदाच. पलीकडे पोचल्यावरही पाठीवरचा घाम निवेना.

“शनिवारी किती वाजता निघायचं?” क्लेमने विचारलं. “पिरीला दोन तास तरी लागतील.”

पश्चिमेला आखाताच्या बाजूने ढग चढत होते. नोलाने नजर रस्त्याच्या जरा डावीकडे ठेवली, कारण रस्ता तिथूनच दिसत होता, आणि तिथे तिला त्याचा हात दिसला. डावा नव्हे. तो मांडीवर निजलेला होता. उजवा, धडका, अंगावरून आडवा नेऊन त्याने दाराच्या कडीवर ठेवला होता. घट्ट धरलेली नव्हती कडी, नुसती बोटं टेकलेली, बोलताना माणूस कुठेही हात टेकवतो तशी.

मागच्या सीटवर डब्यात तिघांपैकी एक कापसातून सुटून खडखडत होता, पोकळ आवाजाने. कोणता ते वळून पाहायची तिला गरज नव्हती. क्लेम उत्तराची वाट पाहत होता, आणि काचेवर पहिला थेंब पडला की डोळ्यातला डाग हलला, हे ठरवण्यासाठी ती हळूहळू, त्याच्याकडे न पाहता, नजर बाजूला नेऊ लागली.