काट्यावरचा हात

आठांतला एकच राबत होता. बाकीचे सात निवांत आडवे.

काटेवाल्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. आठ छोट्या चौकटी, प्रत्येकीत एक हिरवी रेघ. पहिल्या चौकटीतली रेघ पार वर टेकलेली, उरलेल्या सातांतल्या रेघा तळाशी पसरलेल्या. प्रोसेसरमध्ये आठ कोअर असतात, म्हणजे आठ कामगार आहेत असं समजा, असं जावयाने सांगितलं होतं. मग हे सात जण फुकटचा पगार खातायत की काय, असं काटेवाल्यांच्या मनात आलं, पण हसू काही आलं नाही.

काटेवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. वजनकाटे दुरुस्त करण्यात उभा जन्म गेला, म्हणून सगळी गल्ली त्यांना याच नावाने ओळखायची. एकीकडे झुकलेला काटा त्यांना बघवत नसे. बायको त्यांच्या जोडीने दुकानात बसून तबकड्यांवर आकडे रंगवायची, बारीक कुंचल्याने, एकदाही न पुसता. थंडी सरता सरता तिला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली ती परत आली, जरा जड, पण टोमणे मारण्यापुरती शाबूत. उजवा हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच. जे परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांत येतं, पुढे कठीण होत जातं, असं डॉक्टर म्हणाले होते. ते महिने आता सरत आले होते आणि काटेवाल्यांचा जीव टांगणीला लागला होता.

त्याच दिवसांत जावयाने घरच्या कॉम्प्युटरवर हा प्रोग्रॅम टाकून दिला. मेंदूत रक्ताची गुठळी झाल्यावर कोणतं औषध लागू पडेल, याचं एक अवाढव्य गणित संशोधकांनी मांडलं होतं, आणि त्याचे बारीक तुकडे करून जगभरच्या घरांतल्या कॉम्प्युटरांना वाटून दिले होते. आपल्या वाट्याचा तुकडा सोडवायचा आणि परत पाठवायचा. आईंना यातून लगेच काही मिळणार नाही, हे जावयाने स्पष्ट सांगितलं होतं. काटेवाल्यांना ते पटलंही होतं. पण मन चिंती ते वैरी न चिंती. कॉम्प्युटर नीट चालला तर हिचा हात चालेल, तो अडला तर हाही अडेल, अशी एक गाठ त्यांच्या मनात बसली. ती कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण त्यांची त्यांनाच लाज वाटत होती.

एकच बाजू झुकते याचा काटेवाल्यांच्या धंद्यात पहिला अर्थ एकच: बैठक सरळ नाही. त्यांनी पातळी बघायची पाणसळ आणून कॉम्प्युटरच्या पेटीवर ठेवली. बुडबुडा खरोखरच जरासा सरकला. पुठ्ठ्याच्या घड्या करून त्यांनी एका कोपऱ्याखाली सारल्या, बुडबुडा मधोमध आणला, आणि माउस हलवून पडदा जागा केला. एकच राबत होता. मग धूळ झटकून झाली, वायरी काढून पुन्हा खोचून झाल्या. तरी पहिले पाढे पंचावन्न.

"काय चाललंय?" पलीकडच्या खोलीतून बायकोने विचारलं.

"काही नाही. पेटीची पातळी बघत होतो."

"आधी स्वतःची बघा."

व्यायामाची वेळ झाली होती, म्हणून ते तिच्या खोलीत गेले. आठवड्यातून एकदा येणाऱ्या व्यायामाच्या बाईंनी सांगितलं होतं, बारीक वस्तू उजव्या हाताने उचलून एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायच्या. काटेवाल्यांनी दुकानातली जुनी पितळी वजनं दिली होती, नाजूक काट्यांमधली, नखाएवढी. ते खुर्ची ओढून अगदी समोर बसले. तिने उजवा हात वाटीकडे नेला. बोटं वजनापाशी पोचली आणि थरथरायला लागली.

"जरा जोर लाव."

"लावतेय."

"अंगठा आण. अगं, अंगठा."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, उजवा हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने पटापट सगळी वजनं दुसऱ्या वाटीत टाकली. "झालं. जा आता."

"डाव्याचं काय कौतुक करायचं?"

"करा की थोडं. बिचारा दोघांचं काम करतोय."

काटेवाल्यांना पडद्यावरच्या रेघा आठवल्या. पुन्हा तेच, एक राबतोय आणि दुसरा आडवा.

दुपारी लेकीचा फोन आला. ती कधी पाल्हाळ लावायची नाही. "बाबा, रविवारी मी गाडी घेऊन येते. आईला इकडच्या व्यायामोपचार केंद्रात ठेवू. तिथे दिवसभर शिकवणारी माणसं असतात."

"मी आहे की दिवसभर."

"उजव्या हाताने एक तरी वजन उचललं का तिने? खरं सांगा."

खोटं बोलण्यात काटेवाले कच्चे होते. "नाही."

"मग झालं तर."

"तिथे ठेवणार किती दिवस?"

"ते कोणी सांगत नाही, बाबा."

लेकीचं चुकत नव्हतं, हीच तर अडचण होती. बायको तिकडे गेली तर रमेल की खंगेल, दोन्हींची त्यांना सारखीच भीती वाटत होती. आणि या घरात एकट्याने कसं बसायचं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "जरा जावईबापूंना दे."

जावई फोनवर आला.

"जावईबापू, तुमचा प्रोग्रॅम आजारी आहे. आठांतला एकच कोअर राबतो. मी सारखा जाऊन बघतो, तर तेच."

"बघताना माउस हलवता?"

"हलवल्याशिवाय पडदा कसा उघडणार?"

जावई हसला, पण सासऱ्याचा मान राखून, हळूच. "बाबा, मीच तसं ठेवलंय. कोणी कॉम्प्युटर वापरत असलं की एकट्याने काम करायचं, बाकीच्यांनी थांबायचं. तुमचा खोळंबा नको म्हणून. माउसला हात लागला की त्याला वाटतं, मालक आले."

"पण मी वापरत नाही. नुसतं बघतो."

"त्याला दोन्ही सारखंच. तुम्ही उठून बाहेर जा आणि थोडा वेळ काहीच करू नका. मग दाराबाहेरून पंख्याचा आवाज ऐका. सगळे कामाला लागले की पेटी तापते आणि पंखा जोरात फिरतो."

काहीच न करणं काटेवाल्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. तरी ते बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि दोन खोल्यांमधल्या बोळात भिंतीला टेकून उभे राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मग आतला पंखा हळूहळू घुमायला लागला, वाढत वाढत चांगला घोंगावू लागला. आठही जण उठले होते. काटेवाल्यांना हायसं वाटलं, आणि इतके दिवस आपणच त्यांना बसवून ठेवलं म्हणून चोरट्यासारखंही वाटलं.

तेवढ्यात समोरच्या, बायकोच्या खोलीच्या दारामागून आवाज आला. टिण्.

पितळ वाटीत पडल्याचा आवाज. डावा असेल, त्यांनी मनाला समजावलं. पण डावा पटापट टाकतो. इथे मध्ये लांबलचक शांतता, काहीतरी खरवडल्यासारखं, मग बायकोचं पुटपुटणं, "ये, ये मेल्या, किती भाव खाशील." टिण्. मग एक वजन फरशीवर पडून घरंगळलं, आणि तिने त्याला ठेवणीतली शिवी दिली.

काटेवाल्यांचा हात दाराच्या कडीवर गेला. तिथेच थांबला. प्रत्येक दुकानदाराला ते एकच गोष्ट सांगत आले होते: काट्यावरचा हात काढा, मग वजन बघा. पारड्याला बोट लावून उभे राहतात आणि म्हणतात काटा खोटा आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्यांनी कडी सोडली.

पण जिवाचा घोर संपला नाही, उलट वाढला. तो खरंच उजवा हात होता का? खात्री करायची तर आत जावं लागणार, आणि आत गेलं की तो हात मांडीवर पडणार. त्या दिवसापासून रोज व्यायामाच्या वेळी ते "जाऊन येतो" म्हणून निघायचे आणि कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी पुन्हा पुन्हा वाचत उभे राहायचे. परत आले की बायको काही सांगायची नाही. तेही विचारायचे नाहीत. रविवार जवळ येत होता.

लेक आली ती रिकामी बॅग घेऊनच. आईच्या पलंगापाशी बसून म्हणाली, "दाखव बघू हात."

उजवा हात वाटीकडे निघाला, थरथरला आणि मांडीवर परतला. लेकीने बापाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिने बॅगेची चेन उघडली.

"चल, बाहेर ये," काटेवाले म्हणाले.

"बाबा, आता कशाला उगाच?"

"ये म्हणतो ना."

त्यांनी दार ओढून घेतलं आणि तिला बोळात उभं केलं. शेजारच्या खोलीत पंखा घोंगावत होता. समोरच्या दारामागे काहीच नाही. लेक चुळबुळ करायला लागली. काटेवाल्यांनी दाराला कान लावला. इतके दिवस तो डावाच असला तर? आपल्याला ऐकायचं होतं तेच आपण ऐकलं असलं तर? हातासाठी उरलेले मोजके दिवस आपल्या खुळापायी वाया घालवले असले तर?

मग खरवडल्याचा आवाज आला. टिण्.

"डावा असेल," लेक कुजबुजली.

"डाव्याला इतका वेळ लागत नाही."

पुन्हा एक. पुन्हा शांतता, आणि मग एक वजन खाली पडून लांबवर घरंगळत गेलं.

"दाराला कान लावून झाले असतील तर आत या," आतून आवाज आला. "एक पलंगाखाली गेलंय."

ते आत गेले. दुसऱ्या वाटीच्या तळाशी मोजकीच वजनं होती. उजवा हात वाटीच्या काठावर थकून विसावला होता. आणि डावा हात तिने स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवला होता, घट्ट, मध्येच मदतीला धावू नये म्हणून.

लेक बघतच राहिली. काटेवाले गुडघे टेकून पलंगाखाली वाकले आणि वजन सापडल्यावरही जरा वेळ तिथेच राहिले, कारण तोंड वर काढण्यासारखं नव्हतं. मग डोळे पुसून उठले आणि ते वजन पहिल्या वाटीत टाकलं.

"रोज कोपऱ्यावर उभे असता ना?" बायको म्हणाली. "खिडकीतून दिसता."

"मग आता जाऊ?"

"जा. आणि दार लावून घ्या."

काटेवाल्यांनी तिच्या हाताकडे न बघता दार लावून घेतलं. लेक बॅगेची चेन ओढून ती रिकामीच परत गाडीत ठेवायला गेली.