तिसरा नकार

नुसरत आगांना शेजारच्या एशरत खानमना लग्नाचं विचारायचं होतं. दोन वर्षं झाली, विचारायचंच होतं. दोघांचेही जोडीदार कधीच गेलेले, मुलं आपापल्या संसारात. अडत होतं ते फक्त आगांच्या जिभेवर. तोंड उघडलं की नुसती सभ्यता बाहेर पडायची. चहा हवा असला तरी नको, बसायचं असलं तरी नको. इराणातल्या त्या हमदान गावात पहिल्या दोन नकारांना कुणी नकार समजत नाही. तिसरा मात्र खरा धरतात, आणि आगा तिसराही देऊन मोकळे होत.

त्या दिवशी एशरत खानमनी आगांच्या अंगणातल्या आल्बालूचं, आंबट चेरीच्या झाडाचं, कौतुक केलं. लालभडक फळांनी फांद्या वाकल्या होत्या, नुसतं बघून दात आंबत होते. झाड तुमचंच आहे, आगा म्हणाले. वस्तूची तारीफ झाली की असं म्हणायचं असतं आणि समोरच्याने नको म्हणायचं असतं. त्या दोनदा नको म्हणाल्या. आगांनी तिसऱ्यांदा आग्रह केला, तेव्हा त्या 'बरं' म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई शिडी आणि तीन बादल्या घेऊन हजर. पुलाव, मुरंबा, सरबत, आगांची वर्षाची बेगमी डोळ्यांदेखत बादल्यांत पडू लागली. पण दिलेला शब्द फिरवायचा कसा? उलट शिडी धरून 'वरची राहिली की' असं तेच सांगत होते. असल्या माणसाला काय म्हणावं!

झाड रिकामं करून एशरत खानम खाली उतरल्या.

"आगा, झाड माझं झालं, पण राहतं तुमच्याकडे. उपटून नेलं तर मरेल. तेव्हा म्हणते, मीच इकडे राहायला येते. निकाह लावून."

आगांचं काळीज आनंदाने नाचलं. जीभ म्हणाली, "छे छे, तुम्हाला कशाला त्रास."

"एक झालं. येऊ ना?"

"आमचं घर कुठलं तुमच्या लायक..."

"दोन." त्यांचा आवाज जरा कापला. "आता शेवटचं विचारते आगा. जे म्हणाल ते खरं धरीन."

'नको' ओठांपर्यंत आलंच होतं. आगांनी बादलीत हात घातला आणि ओंजळभर फळं बियांसकट तोंडात कोंबली. डोळ्यांतून पाणी आलं, गाल फुगले, बोलायची सोयच उरली नाही. मग त्यांनी होकाराची मान हलवली. चांगली सात-आठ वेळा.