रेआलिनने चिडायचं नाही

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात, ला पाझ बाजारातल्या आपल्या दुकानात नेनिता पालोमार नेहमीप्रमाणे सकाळी बात्चोयचा, म्हणजे शेवया घालून वाढायचा रस्सा ढवळत होती. शाळेच्या गणवेशातल्या तीन मुली बाकावर बसून शेवया ओरपत होत्या. एकीच्या चमच्यातलं अंडं तोंडापाशी येता येता टपकन खाली पडलं.

"गेलं! रेआलिन झालं गं तुझं!" दुसरी खिदळली.

नेनिताचा हात थांबला. रेआलिन तिच्या मुलीचं नाव.

"काय झालं म्हणालीस?"

"रेआलिन, नांग," मावशी म्हणावं तशी मुलगी म्हणाली. "म्हणजे ऐन वेळी माती खाणं. सगळे म्हणतात. तुम्ही पाहिलं नाही?" मुलीने फोन पुढे धरला. गावच्या उत्सवाचा मंडप, निळ्या झग्यातली रेआलिन, गाण्यातला शेवटचा उंच सूर आणि तिथे फाटलेला आवाज. त्याला कुणीतरी शेळीचं ओरडणं जोडलं होतं. "रस्सा वाढा ना थोडा."

नेनिताने वाढला.

उत्सव होऊन महिना झाला होता. पोरगी विसरेल, असं नेनिताने धरलं होतं. पण रेआलिन घरात गुणगुणतही नव्हती. येत्या शनिवारी विद्यापीठाच्या गायनवृंदाची निवड होती. निवड झाली तरच तिला फुकट शिकता येणार होतं. दुसरा मार्ग नव्हता.

"तू मला सांगितलं का नाहीस?" घरी येताच तिने विचारलं.

"सांगून काय करणार होतीस?" रेआलिन कांदे चिरत होती. "नानाय, फोनवर असं काही आलं की हसायचं असतं. नाहीतर गप्प बसायचं. चिडलं की पिकोन म्हणतात, चिडका बिब्बा, मग जास्तच मागे लागतात."

"कुणी ठरवलं हे?"

"कुणीच नाही. सगळ्यांना माहीत असतं."

"मला नव्हतं."

"म्हणूनच सांगते, तू काही लिहू नकोस."

नेनिताने लिहिलं. माणसांना नीट सांगितलं तर माणसं ऐकतात, एवढं बाजारात उभं राहून ती शिकली होती. दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर तिने त्या व्हिडिओखाली एकेक अक्षर शोधून लिहिलं: "नमस्कार. मी नेनिता पालोमार, रेआलिनची आई. त्या दिवशी तिला ताप होता. ती चांगली मुलगी आहे. कृपा करून हा व्हिडिओ काढून टाका. देव तुमचं भलं करो. ला पाझ बाजारात माझं दुकान आहे, जेवायला या."

संध्याकाळपर्यंत त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. नेनिताला आधी बरं वाटलं. लोक हसताहेत म्हणजे राग नाही, असं ती समजली. मग तिचीच वाक्यं दुसरीकडे दिसू लागली. कपाटावरून पडलेल्या मांजराच्या चित्राखाली कुणी लिहिलं होतं, "मी या मांजराची आई. त्या दिवशी त्याला ताप होता." बास्केटबॉलचा नेम चुकलेल्या खेळाडूखालीही तेच. दुसऱ्या दिवशी दुकानात अनोळखी पोरं आली. "नांग, आम्ही जेवायला आलो!" त्यांनी तिच्यासोबत फोटो काढले आणि पोटभर जेवून गेली. वाईट कुणीच बोललं नाही.

रेआलिन आईवर ओरडली नाही. रात्री जेवण झाल्यावर तिने निळा झगा घातला, फोन खिडकीत टेकवला, तेच गाणं म्हटलं आणि शेवटचा सूर मुद्दाम फाडला. वर शेळीसारखी ओरडली आणि खो खो हसली.

"हे काय करतेस, इंदाय, माझ्या पोरी?"

"आता थांबेल."

थांबलं नाही, पण रंग बदलला. 'खरी खिलाडू', 'हिच्याकडून शिका', 'मनाने मोठी' अशी कौतुकं आली. रेआलिन ती आईला वाचून दाखवत होती. आवाजात काहीच नव्हतं.

शनिवारी दोघी विद्यापीठात गेल्या. बाहेर थांबलेल्या मुलींनी तिला लगेच ओळखलं. दार अर्धवट उघडं होतं, त्यातून दोन-तीन फोन आत रोखले गेले. नेनिता त्यांच्या मागे उभी राहिली. रेआलिन गायला लागली, आणि महिन्यानंतर असा मोकळा सुटलेला तो आवाज ऐकून नेनिताने भिंतीला हात टेकला. एकही सूर ढळला नव्हता. शेवटची ओळ आली. रेआलिनने दाराकडे, फोनांकडे पाहिलं, किंचित हसली आणि सूर फाडला.

बाहेर हशा पिकला. टाळ्या पडल्या.

आत वृंदाच्या वृद्ध गुरुजींनी चष्मा काढला. "बाळ, हे तू मुद्दाम केलंस?"

"हो, सर."

"का?"

"नीट गायले असते तर लोक म्हणाले असते, हिने मनाला लावून घेतलं."

गुरुजींनी यादीतल्या तिच्या नावावर काट मारली. मग त्यांनी पुढच्या मुलीचं नाव घेतलं.

फाटकापाशी त्या मुलींनी रेआलिनला गाठलं. "एक फोटो, प्लीज! तू ना, फार भारी आहेस." सगळ्या तिला खेटून उभ्या राहिल्या, आणि एकीने फोन नेनिताच्या हातात दिला. "तुम्ही काढता का, नांग?"

नेनिताने मुलीकडे पाहिलं. रेआलिनने मान हलवली: काढ.

तिने काढला. फोटोत सगळ्याच हसताहेत. तो हजारोंनी पाहिला, आवडल्याची खूण केली आणि पुढे पाठवला. त्या हजारोंत आपण होतो का, हे ज्याने त्याने आठवून पाहावं. रेआलिन त्यानंतर गायली नाही.